जंगलातल्या जुन्या भट्ट्यांचा गाईडेड वॉक: वडिलांना घेऊन गेले होते, त्याचा अनुभव

आधीच सांगते, जा. पण बुकिंग करायच्या आधी दोन गोष्टी नक्की विचारून घ्या, बॅचला माणसं किती आहेत आणि शेवटची दगडाची खाण दाखवणार आहेत का वेळ झाला म्हणून गाळणार आहेत. आम्हाला या दोन्हीचा त्रास झाला, बाकी जे बघायला मिळालं ते इतकं वेगळं होतं की घरी आल्यापासून भेटेल त्याला सांगत सुटलेय, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं.

वॉक साधारण ९ किलोमीटरचा, सकाळी लवकर सुरू आणि दुपारी उशिरा संपतो. जंगलात पूर्वी जे उद्योग चालायचे, म्हणजे कोळसा पाडणं, लोखंड गाळणं, चुना भाजणं, पाण्यावर चालणारी चक्की, दगडाची खाण, त्यांच्या ज्या काही खुणा शिल्लक आहेत त्या दाखवत नेतात. मी बरेच ट्रेक केलेत पण ते सगळे वर चढा, फोटो काढा, उतरा असे. इथे व्ह्यू पॉइंट म्हणून काही नाहीच. सगळा वेळ नजर पायाखाली आणि तेच याचं खरं वैशिष्ट्य आहे. बाबांना नेलं कारण त्यांनी सगळी नोकरी फोर्जिंग शॉपमध्ये काढली, भट्टी म्हटलं की त्यांचे कान टवकारतात. वय ७१, गुडघे बरे आहेत पण उतारावर जपावं लागतं.

पहिली दहा मिनिटं नुसतं चाललो आणि मग गाईडने सगळ्यांना थांबवलं, म्हणाला इथे काय काय दिसतंय सांगा. आम्ही सगळे झाडं, वेली, एक वाळवीचं वारूळ, कोणीतरी पक्ष्याचा आवाज वगैरे म्हणालो. तो काही बोलला नाही, परत बघा म्हणाला, मी थांबतो. आणि खरंच थांबला हो, चांगली पाच मिनिटं! तेव्हा एका मुलीच्या लक्षात आलं की इथली बरीचशी झाडं एका खोडाची नाहीयेत, जमिनीलगत एकच जाडजूड खुंट आणि त्यातून पाच-सहा खोडं वर गेलेली, हाताची बोटं पसरल्यासारखी. मग त्याने सांगितलं की हे झाड कधीतरी बुंध्याशी तोडलंय, मेलं नाही, त्याला फुटवे आले, ते मनगटाएवढे-दंडाएवढे झाले की परत तोडले, असं पिढ्यानपिढ्या चाललं. कोळशाला मोठे ओंडके लागतच नाहीत, उलट अशी एकसारख्या जाडीची लाकडं बरी पडतात कारण ती एकसारखी भाजली जातात. शेवटची तोड झाली, त्यानंतर कोणी फिरकलंच नाही, म्हणून आता ती खोडं अशी मोठी झालीयेत. म्हणजे ज्याला आम्ही घनदाट जंगल म्हणत होतो ते एका अर्थी पीक होतं, कापणी थांबलेलं. हे कळल्यावर पुढचे चार तास मी एकही झाड आधीसारखं बघू शकले नाही.

ही त्या गाईडची पद्धत मला फार म्हणजे फार आवडली. आधी बघायला लावतो, मग सांगतो. बरेच गाईड ठिकाण यायच्या आधीच सगळं बोलून मोकळे होतात आणि आपण फक्त मान डोलावत राहतो.

पुढे उतारावर एके ठिकाणी वाट अचानक सपाट झाली. दहाएक पावलं सपाट, गोल, आणि मग परत उतार. डोंगराच्या बाजूने माती खणून खालच्या बाजूला लोटलेली. एवढंच! याच्यावरून मी एकटी शंभर वेळा गेले असते तरी कळलं नसतं. त्याने काठीने पानांचा थर बाजूला केला, खाली साधी तपकिरी माती असायला हवी तर ती काळीकुट्ट, आणि बोटांत चोळली की कोळशाचे बारीक तुकडे. हा कोळसा पाडायचा ओटा. कोळसा पाडण्यासाठी सपाट जागा लागते म्हणून उतारावर अशा पायऱ्या करून घ्यायचे आणि एकदा जागा बनली की तीच वर्षानुवर्षं वापरायचे. त्याने दाखवल्यावर मग आम्हालाच दिसायला लागले, दुसरा ओटा, तिसरा, वरच्या अंगाला चौथा. एका लहान मुलाने सहावा शोधला आणि तो खरंच ओटा निघाला, त्याला काय आनंद झाला म्हणून सांगू.

कोळसा कसा पाडायचे ते त्याने जमिनीवर काटक्या रचून दाखवलं. मध्ये एक खांब, त्याच्याभोवती लाकडं उभी-तिरकी रचायची, घुमटासारखा ढीग करायचा, वरून पाला किंवा गवत आणि त्याच्यावर माती थापायची. मग मधला खांब काढून घेतला की जे भोक पडतं त्यातून निखारे आत टाकायचे आणि तोंड बंद. इथे लाकूड जाळायचं नसतं, हे मला पहिल्यांदा नीट समजलं. हवा कमीत कमी द्यायची, आतल्या आत लाकूड तापतं, त्यातलं पाणी आणि वायू निघून जातात आणि मागे राहतो कोळसा. हवा जास्त गेली तर सगळ्याची राख, कमी पडली तर अर्धवट लाकूड. ढिगाच्या कडेला छोटी भोकं पाडत आणि बुजवत ती आग हवी तिकडे वळवायची. आत काय चाललंय ते दिसत नाही, सगळा अंदाज धुरावरून. आधी पांढरा दाट धूर, तो म्हणजे वाफ. मग पिवळसर, डोळ्यांना झोंबणारा. आणि शेवटी पातळ निळसर धूर आला की त्या बाजूचा कोळसा तयार. लहान ढीग तीन-चार दिवसांत होतो, मोठ्याला दोन आठवडेही लागायचे. आणि एवढं करून हातात वजनाने लाकडाच्या जेमतेम पाचवा हिस्सा कोळसा पडायचा.

तितके दिवस रात्री कोणीतरी जागं राहायलाच हवं. मातीच्या थराला तडा गेला आणि वेळेत बुजवला नाही तर एका रात्रीत सगळी मेहनत पेटून जाते. युरोपात कोळसा पाडणारे एका पायाचं स्टूल वापरायचे असं म्हणतात, डुलकी लागली की माणूस पडतो आणि जागा होतो. शिवाय ढिगावर चढून आत कुठे बसकण झाली ते बघावं लागायचं, तिथे पाय खचला की खाली निखारे. हे ऐकताना सगळे एकदम गप्प झाले होते. ओट्याच्या शेजारी गाईडने दगडांची एक अर्धवट चौकट दाखवली, कोळसा पाडणाऱ्या कुटुंबाची झोपडी असावी असं म्हणाला, आणि लगेच हेही म्हणाला की हा माझा अंदाज आहे, खणून कोणी बघितलेलं नाही. माहीत असलेलं आणि अंदाजाचं वेगळं करून सांगणारा गाईड मला तरी क्वचितच भेटलाय. कोळसा आणि चुना दोन्ही भाजणाऱ्याला मराठीत लोणारी हा शब्दच आहे, तो बाबांनी सांगितला, गाईडला तो नवीन होता आणि त्याने लगेच वहीत लिहून घेतला.

ही काळी माती इतकी वर्षं तशीच कशी राहते असं मी विचारलं. तर कोळसा कुजत नाही, किंवा फारच हळू, म्हणून शेकडो वर्षं टिकतो. भिंगातून बघितलं तर त्यात लाकडाची मूळ रचना दिसते, त्यावरून कुठलं झाड होतं ते ओळखता येतं, आणि कार्बन डेटिंगने किती जुना तेही काढता येतं. ती पद्धत विलार्ड लिबी यांनी शोधली, त्यांना १९६० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. अजून एक भारी गोष्ट म्हणजे विमानातून लेझरने जमीन मोजतात ना, लायडार, त्यात झाडांचं आवरण वजा करून नुसती जमीन बघता येते, आणि मग हे गोल ओटे नाण्यांसारखे दिसतात. अमेरिकेत कनेटिकट राज्याच्या लिचफील्ड काउंटीत असे २०,००० हून जास्त ओटे नकाशावर सापडलेत. वीस हजार! आज तिथे परत सगळीकडे जंगल आहे. गाईडकडे असा एक लायडारचा छापील नकाशा होता, तो त्याने फिरवला, पण २२ माणसांत एकच कागद, माझ्या हातात आला तेव्हा पुढचे लोक चालायला लागले होते. ही पहिली तक्रार. दोन-तीन प्रती ठेवायला काय हरकत आहे?

मग ओढ्याकडे उतरलो आणि इथून पुढचा अर्धा तास पूर्ण वॉकचा कळस होता, निदान आमच्यासाठी.

ओढ्याच्या काठाला काळपट दगड पडले होते. गाईडने नेहमीप्रमाणे काही न सांगता एक एक उचलून हातात घ्यायला सांगितला. बाबांनी उचलला, हातात नुसता तोलला आणि म्हणाले, "हा दगड नाही. ही मळी आहे, लोहकीट." गाईड इतका खूष झाला! म्हणाला काका, तुम्हीच सांगा मग. आणि खरंच बाजूला उभा राहिला. बाबांनी दाखवलं की एका बाजूला कसे दोरखंडाच्या पिळासारखे वळ आहेत, पातळ होऊन वाहत येऊन थिजल्याचे, दुसऱ्या बाजूला बुडबुड्यांची भोकं, आणि आकाराच्या मानाने ते कसं जड आहे. जड का, तर जुन्या भट्टीत लोखंड पूर्ण सुटायचंच नाही, बरंचसं मळीबरोबर वाहून जायचं.

याचं कारण गाईडने सांगितलं. शुद्ध लोखंड वितळायला १,५३८ अंश सेल्सिअस लागतात आणि मातीच्या त्या छोट्या भट्टीत, हाताच्या नाहीतर पायाच्या भात्याने, तेवढं तापमान लोखंडाच्या रसाला पुरेसं कधी व्हायचंच नाही. मळी मात्र साधारण १,२०० अंशाच्या आसपास पातळ होते. म्हणून मळी वाहून बाहेर काढायची आणि आत लोखंडाचा स्पंजसारखा गोळा राहायचा, तो गरम असतानाच घणाने ठोकून ठोकून उरलेली मळी पिळून काढायची. दिल्लीचा लोहस्तंभ असाच, गोळ्यांवर गोळे ठोकून जोडत केलेला, सात मीटरहून उंच आणि सहा टनांहून जड, सुमारे १,६०० वर्षं उघड्यावर उभा. आयआयटी कानपूरचे आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याच्यावर खूप काम केलंय, त्या लोखंडात फॉस्फरस जास्त राहिला आणि त्यामुळे पृष्ठभागावर संरक्षक थर बसला असं त्यांचं विश्लेषण आहे. मळीत किती लोखंड वाया जायचं त्याचा पुरावा म्हणजे इंग्लंडच्या फॉरेस्ट ऑफ डीनमध्ये रोमन काळातल्या मळीचे ढीगच्या ढीग पडले होते, ते सतराव्या शतकात लोकांनी उकरून परत नव्या मोठ्या भट्ट्यांत घातले आणि त्यातून लोखंड काढलं. बाबांना हे फार आवडलं, म्हणाले आमच्याकडेही स्क्रॅप कधी कोणी फेकलं नाही.

त्यानंतर गाईडने खिशातून दोरीला बांधलेलं लोहचुंबक काढलं. वरच्या बाजूला एका सपाट जागी माती किंचित मोकळी करून ते फिरवलं, आणि चुंबकाला माशाच्या खवल्यांसारखे बारीक काळे पापुद्रे चिकटून आले. तापलेल्या लोखंडावर घण बसला की हे पापुद्रे उडतात. लोहार कुठे बसायचा हे पुरातत्त्ववाले असंच चुंबकाने शोधतात, कारण भिंती जातात, छप्पर जातं, ऐरण कोणीतरी उचलून नेतो, पण हे पापुद्रे पडले तिथेच मातीत राहतात. बाबा खाली बसले. गुडघ्यांचं काय ते विसरून बसले. म्हणाले स्केल आहे हे, आम्ही रोज झाडून पोती भरायचो. दोन बोटांत एक पापुद्रा घेऊन कितीतरी वेळ बघत राहिले आणि मग ऐरण कुठे असेल, भाता कुठल्या बाजूला, घण मारणारा कुठे उभा राहत असेल ते हाताने दाखवायला लागले, उजेड आणि वारा कुठून येतो बघून. गाईड ऐकत होता, मध्ये मध्ये विचारत होता. मी बाबांना त्यांच्या कामाबद्दल इतकं बोलताना घरीसुद्धा कधी ऐकलं नव्हतं. फक्त या अर्ध्या तासासाठी मी या लोकांना पाच स्टार द्यायला तयार आहे.

बघून झाल्यावर सगळं परत जागेवर ठेवायला सांगितलं. एका माणसाने मळीचा एक तुकडा सॅकमध्ये टाकला होता, त्याला गाईडने सगळ्यांसमोर न बोलता बाजूला घेऊन सांगितलं की एक तुकडा हलला तरी भट्टी कुठे होती ते पुढच्याला कळायचं अवघड होतं, आणि त्याने तो परत ठेवला. चांगलं हाताळलं.

इथे ग्रुपमध्ये एक वादही झाला, चांगल्या अर्थाने. एकीने विचारलं की मग या लोकांनीच जंगल संपवलं ना? गाईड म्हणाला दोन्ही झालंय. जिथे भट्टी कायमची चालवायची होती तिथे फुटवे राखून ठेवण्यातच भट्टीवाल्यांचा फायदा होता, कारण कोळसा ठिसूळ असतो, लांबून आणला तर वाटेतच भुकटी होते, म्हणजे जवळचं जंगल संपलं की भट्टी बंद. आणि जिथे मागणी एकदम वाढली तिथे डोंगर उघडे पडले हेही खरं. १७०९ साली इंग्लंडमध्ये कोलब्रुकडेल इथे अब्राहम डार्बी याने लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळशापासून केलेला कोक वापरून लोखंड गाळलं, तिथून लोखंडाची जंगलाशी असलेली गाठ सुटायला लागली, तरी सगळीकडे पसरायला अनेक दशकं गेली. आपल्या देशात मध्य भारतातले अगरिया या आदिवासी समाजाचे लोक पायाने भाता चालवून लोखंड गाळायचे, तिथे एकीकडे कारखान्याचं स्वस्त लोखंड आलं आणि दुसरीकडे १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी जंगलातलं लाकूड आणि कोळसा अवघड करून टाकला. म्हणजे धंदा बंद पडला तो काही फक्त मागे पडला म्हणून नाही. मला वाटतं या विषयावर अजून बोलायला हवं होतं. तोडणारे, भाजणारे, घण मारणारे लोक नंतर कुठे गेले, त्यांचं पुढे काय झालं हे कुठेच आलं नाही. दगड आणि भट्ट्यांबद्दल भरपूर सांगतात, माणसांबद्दल कमी. ही माझी मोठी तक्रार आहे आणि मी ती त्यांना कळवलीये.

वाटेत करवतीचा खड्डा लागतो, लांबट, आता पानांनी भरलेला. वर ओंडका आडवा, एक माणूस वर आणि एक खड्ड्यात, मध्ये लांब करवत. खालच्याच्या डोळ्यांत दिवसभर भुसा. इथे दोनच मिनिटं थांबलो, पुरे होती.

चुन्याची भट्टी मात्र बघण्यासारखी आहे. टेकडीच्या पोटात बांधलेली दगडी विहीर म्हणा, वरून तोंड उघडं आणि खाली समोर एक कमान. टेकडीत का, तर वरच्या वाटेने चुनखडी आणि जळण आणून सरळ वरून टाकता यावं आणि खालच्या कमानीतून भाजलेला चुना ओढून काढता यावा, उचलायचे कष्ट नकोत. साधारण ९०० अंशाला चुनखडीतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरतो कळीचा चुना, शुद्ध चुनखडी असेल तर १०० किलोमागे ५६ किलो. त्याच्यावर पाणी पडलं की तो स्वतःच उकळल्यासारखा तापतो, म्हणून नेताना पाऊस आला तर मोठी पंचाईत. आणि हाच चुना भिंतीत बसला की हवेतला तोच वायू परत ओढून हळूहळू दगड होतो. हे ऐकून त्या सहावा ओटा शोधणाऱ्या मुलाने विचारलं, म्हणजे दगडाचा चुना आणि चुन्याचा परत दगड? गाईड म्हणाला, हो बाळा, अगदी तेच. पूर्वी थंडीत बेघर लोक उबेला भट्टीच्या तोंडाशी झोपायचे आणि त्या वायूने गुदमरून मरायचे, अशा नोंदी आहेत.

सुरक्षेचं इथे चांगलं होतं. वरच्या तोंडाला दोरी बांधली होती, आमच्यापैकी कोणालाही काठाच्या जवळ जाऊ दिलं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही, आणि कमानीखाली एका वेळी तीनच माणसं, कारण जुने दगड सुटतात. एक-दोघांनी कटकट केली पण मला बरोबर वाटलं. मागे राहणाऱ्यांसोबत एक मदतनीस ताई होत्या, त्यांनी बाबांना उतारावर न मागता काठी दिली आणि कुठेही घाई केली नाही. त्यांचे खास आभार.

आता जे बिघडलं ते. चुन्याच्या भट्टीपर्यंत येईतो आम्ही जवळजवळ तासभर मागे होतो. २२ माणसं अरुंद पायवाटेवर म्हणजे पहिला आणि शेवटचा यांच्यात बरंच अंतर पडतं, प्रत्येक ठिकाणी सगळे जमेपर्यंत थांबा, मागच्यांना ऐकू येत नाही म्हणून परत सांगा. याचा परिणाम असा की पाणचक्कीला आम्हाला कशीबशी पंधरा मिनिटं मिळाली. आणि ती जागा इतकी सुंदर आहे! ओढ्यावर वरच्या अंगाला मोडलेला बंधारा, तिथून डोंगराच्या कडेने काढलेला पाट, तो तुम्ही आता कोरडा असला तरी चालत चालत चक्कीपर्यंत येऊ शकता, शेवटी चाकाचा खड्डा आणि चिखलात अर्धं रुतलेलं चक्कीचं दगडी पेड, म्हणजे दळायचा गोल दगड. पाट इतका लांब का आणला, खाली ओढा तर शेजारीच आहे, असं मी विचारलं. उत्तर असं की पाणी चाकाच्या वर पाडायचं होतं. जॉन स्मीटन नावाच्या इंजिनिअरने १७५९ साली लहान मॉडेलवर मोजून दाखवलं की पाणी वरून पडलं तर खालून ढकलण्यापेक्षा साधारण दुप्पट काम मिळतं. पाट खणणाऱ्यांना हे त्याच्या आधीपासून अनुभवाने माहीत असणार, नाहीतर एवढी खणाखणी कोण करेल? इथे मला अर्धा तास तरी हवा होता.

पण इथली एक युक्ती सांगते, कुठेही जुना दगड बघायला गेलात तर उपयोगी पडेल. गाईडने मोबाईलचा टॉर्च दगडावर समोरून न मारता अगदी कडेने, दगडाला जवळजवळ चिकटून धरला, आणि एकदम त्या गुळगुळीत दिसणाऱ्या पेडावर खाचा उमटल्या, मधून बाहेर जाणाऱ्या. दाणा दळत दळत पीठ बाहेर सरकावं म्हणून त्या पाडतात, झिजल्या की पाथरवट परत टाकी लावतो. जात्याला टाकी लावतात तेच. दिवसा उजेडी काहीही दिसत नव्हतं, टॉर्च तिरका धरला आणि दिसलं.

आणि खाण तर सरळ रद्द. वेळ झाला म्हणाले. वेबसाइटवरच्या कार्यक्रमात ती स्पष्ट लिहिलेली आहे. परत येताना लांबून एक कडा दाखवला, त्याच्या कडेला ओळीने अर्धगोल खोबण्या दिसल्या, तिथे भोकं पाडून लोखंडी पाचरी ठोकायचे आणि दगड सरळ रेषेत चिरायचा, एवढं चालता चालता सांगितलं. बाबांना खाण बघायची खूप इच्छा होती, ते काही बोलले नाहीत पण मला कळलं. मला वाटतं उशीर होणार हे दुसऱ्या तासालाच दिसत होतं, तेव्हाच आम्हाला विचारायला हवं होतं की काय ठेवू आणि काय सोडू. मी करवतीचा खड्डा आनंदाने सोडला असता.

दुसरं म्हणजे वॉकला सोपा असं लिहिलंय, ते बदला. चढ फारसा नाही हे खरं, पण ओढ्याकडचा उतार ओल्या पानांमुळे घसरतो, दोन ठिकाणी दगडावरून ओढा ओलांडायचा आहे आणि जवळजवळ सगळा वेळ उभं राहून ऐकायचं आहे. चालण्यापेक्षा उभं राहण्यानेच बाबा दमले. बसायला कुठेही सोय नाही. सुरुवात आणि शेवट सोडला तर टॉयलेटही नाही, हेही आधी सांगत नाहीत. वयस्कर माणसांना नेत असाल तर घडीचं छोटं स्टूल घ्या, खरंच घ्या.

माहितीपत्रक देतात ते अगदीच साधं आहे. चार फोटो आणि त्याच्याखाली दोन-दोन ओळी. ज्या गाईडला एवढं येतं त्याच्याकडूनच चार पानं लिहून घ्या ना. भट्टीची आकृती, ओट्याची आकृती, धुराचे रंग, एवढं असलं तरी घरी गेल्यावर माणूस परत बघतो. मी घरी येऊन आठवून आठवून वहीत काढलंय.

मी हे सगळं त्यांना सविस्तर लिहून पाठवलं, दोन दिवसांत उत्तर आलं आणि ते साचेबंद उत्तर नव्हतं. मोठ्या बॅचची चूक मान्य केली, यापुढे १२ च्या वर घेणार नाही म्हणाले आणि आम्हाला खाणीसाठी परत या असं सांगितलंय. १२ चं खरंच पाळतात का ते तुम्ही बुकिंग करताना विचारा आणि इथे खाली लिहा, म्हणजे मला अपडेट करता येईल. तूर्तास पाचपैकी चार.

जाणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. घोट्यापर्यंतचे, चांगली ग्रिप असलेले बूट घाला. पाणी जास्त घ्या, वाटेतलं ओढ्याचं पिऊ नका. टॉर्च घ्या, वर सांगितलं त्यासाठी. छोटं भिंग असेल तर कोळशाचा तुकडा बघायला मजा येते. मुलांना न्या, आठ-नऊ वर्षांच्या पुढची मुलं या ओटे शोधण्यात मोठ्यांपेक्षा हुशार निघतात. आणि शक्य असेल तर पानगळ झाल्यावर जा, पालवी भरात असताना जमिनीचा उंचसखलपणा निम्मा झाकला जातो. आम्ही गेलो तेव्हा झाडोरा बऱ्यापैकी होता आणि वरच्या बाजूचे ओटे नीट दिसलेच नाहीत.

आम्ही पानगळीनंतरच्या बॅचला नाव घातलंय. बाबांनी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक काढून त्याला दोरी बांधून ठेवलीये आणि घडीचं स्टूल नको म्हणतायत, मी ते घेणारच आहे.